पंपावरचे पेट्रोल आणि घरी बांधलेले विमान

लालबाग-परळच्या बाजूला अजूनही मोटार दुरुस्तीचे लहान लहान गाळे दिसतात. समजा, अशाच एका गाळ्यात एक मेस्त्री कार्बोरेटर उघडून बसले आहेत. समोर त्यांचा भाचा उभा आहे. भाचा कराडकडचा. इंजिनिअरिंग शिकायला मुंबईत आला आणि मामांच्याच घरी राहिला. तो आणि त्याचे चार मित्र मिळून दोन माणसांचे एक छोटे विमान बांधताहेत. भाचा म्हणतो, “मामा, इंजिन एकदाचं आलं. आता पेट्रोलची चिंता नाही. कोपऱ्यावरच्या पंपावरून डबा भरून न्यायचा. इंजिनाच्या पुस्तकातच लिहिलंय, मोटारीचं पेट्रोल चालतं म्हणून.”

मामा मान वर न करता विचारतात, “पुस्तकात एवढंच लिहिलंय?”

“एवढंच म्हणजे... तसंच काहीतरी.”

“तसंच काहीतरी म्हणणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही रे बाबा, विमानात कुठून बसू?”

मंडळी, हा मामा-भाच्याचा संवाद कल्पनेतला असला, तरी प्रश्न खरा आहे. पंपावर मिळणारे मोटारीचे पेट्रोल लहान विमानाच्या इंजिनात घालावे की घालू नये? हो म्हणणारेही पुष्कळ आणि नाही म्हणणारेही पुष्कळ. आज आपण हो का नाही ते एका शब्दात सांगणार नाही. काय पाहून ‘हो’ म्हणायचे आणि काय दिसले की ‘नाही’ म्हणायचे, ते पाहणार आहोत. यात उसाचा संबंध येतो, साखर कारखान्याचा येतो, शाळेतल्या मोजपात्राचाही येतो. तेव्हा विमानाशी आपला काय संबंध, असे म्हणून रेडिओ बंद करू नका.

आधी थोडा मागचा इतिहास. १७ डिसेंबर १९०३ या दिवशी अमेरिकेत राइट बंधूंचे विमान उडाले. त्याचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाच्या कारागिराने घडवले होते. चार सिलिंडर आणि सुमारे बारा अश्वशक्ती. त्या काळी विमानाचे असे वेगळे पेट्रोल नव्हतेच. जे बाजारात मिळत होते तेच टाकीत गेले. म्हणजे पहिले विमान घरी बांधलेलेच होते आणि साध्या पेट्रोलवरच उडाले.

आमच्या गिरगावात विमानाची गोष्ट निघाली की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, असे अभिमानाने सांगितले जाते. पण त्या उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा हाती नाही. तळपदे खटपटी गृहस्थ होते, याचा आदर जरूर ठेवावा. परंतु ऐकीव गोष्ट वेगळी आणि मोजून पाहिलेली गोष्ट वेगळी. विमानाच्या कामात हा फरक जिवावरचा असतो. म्हणून तो आपण मनाशी धरून ठेवू.

मोजलेली, नोंदलेली गोष्ट म्हणजे जुहूची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ नावाचे एक इंजिनाचे विमान स्वतः चालवीत जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पाहा, आकाशातल्या टपालाला बैलांनी हात दिला! त्या वेळचे इंजिनही असे होते की ते पेट्रोलची फारशी चिकित्सा करीत नसे.

मग विमानाचे पेट्रोल वेगळे झाले ते का? त्याचे पहिले कारण आहे ऑक्टेन. हा शब्द पंपावर आपण वाचतो, पण त्याचा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि मग प्लगची ठिणगी पडते. दाब जितका जास्त, तितकी त्याच पेट्रोलातून शक्ती अधिक. पण दाबले की मिश्रण तापते. फार तापले की त्याचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपल्या आपण भडकतो. त्यालाच मेस्त्री म्हणतात, इंजिन ठोकते. हे ठोकणे किती सोसेल याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण दिले, हेप्टेनला शून्य दिले आणि बाकीची पेट्रोले त्या पट्टीवर मोजली.

१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याला असे आढळले की, पेट्रोलात शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले की इंजिन ठोकायचे थांबते. मोटारींनी ते घेतले, विमानांनीही घेतले. पुढे शिशाचे विष मुलांच्या मेंदूला बाधते हे कळले, तेव्हा मोटारीच्या पेट्रोलातून ते काढून टाकले. आपल्या देशात हे काम २००० साली पुरे झाले. लहान विमानांच्या पेट्रोलात मात्र शिसे राहिले. ‘शंभर एलएल’ नावाचे जे निळसर पेट्रोल मिळते, त्यातला ‘एलएल’ म्हणजे कमी शिशाचे. पण ते कमी फक्त पूर्वीच्या मानाने. लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात चालते.

हे पेट्रोल आपल्याकडे वर्षानुवर्षे परदेशातून येत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार केलेले असे पेट्रोल बाजारात आणले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचा पहिला परदेशी माल आपल्या न्हावा-शेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला गेला. ही समाधानाची गोष्ट खरी. पण कोपऱ्यावरच्या पंपावर ते मिळत नाही. पिंपातून आणावे लागते आणि महागही पडते. म्हणून भाच्याचे मन पंपाकडे ओढ घेते. यात त्याचे काही चुकले असे नाही.

अमेरिकेतल्या हौशी विमानकारांचेही मन असेच ओढ घेत होते. तिथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. त्यांच्यापुढे अडचण आली ती अशी. सेस्ना १५० सारख्या लहान विमानांची इंजिने ८० ऑक्टेनच्या पेट्रोलासाठी घडवलेली होती. दाबाचे प्रमाण अवघे ७ ला १. पुढे ८० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारातून नाहीसे होऊ लागले आणि उरले ते शंभरचे. त्यात शिसे जवळजवळ चौपट. गरज नसलेले शिसे प्लगांवर बसू लागले, व्हॉल्व्ह चिकटू लागले. तेव्हा संघटनेने बिनशिशाचे मोटारीचे पेट्रोल घेऊन रीतसर चाचण्या केल्या, आकडे सरकारपुढे ठेवले आणि १९८२ साली सेस्ना १५० साठी परवानगी मिळवली. पण त्या परवानगीत एक अट होती: पेट्रोलात अल्कोहोल असता कामा नये. ही अट लक्षात ठेवा. आपल्याला पुढे तिचेच काम पडणार आहे.

आता भाच्याच्या इंजिनाकडे येऊ. आजकाल जगभर लहान विमानांत रोटॅक्स ९१२ या जातीचे ऑस्ट्रियन इंजिन पुष्कळ दिसते. आपल्या राष्ट्रीय छात्रसेनेची पिपिस्ट्रेल विमाने याच जातीच्या इंजिनावर चालतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे नव्या पिढीचे ‘हंसा’ विमान ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाले, त्यातही याच घराण्याचे इंजिन आहे. हे इंजिन मुळातच बिनशिशाच्या मोटार पेट्रोलाचा विचार करून घडवलेले आहे. उलट शिशाचे पेट्रोल सतत वापरले, तर त्याचे तेल लवकर लवकर बदलावे लागते, कारण शिशाचा गाळ तेलात साठतो.

म्हणजे भाचा म्हणत होता ते अगदीच खोटे नाही. पण मामांनी विचारलेला प्रश्नही बरोबर आहे: “पुस्तकात एवढंच लिहिलंय?” नाही, एवढेच लिहिलेले नाही. मामा तीन प्रश्न विचारतात. आपणही तेच विचारू.

मामांचा पहिला प्रश्न: “तुझं इंजिन दाबतं किती?”

रोटॅक्स ९१२ चे दोन प्रमुख भाऊ आहेत. ८० अश्वशक्तीचा भाऊ मिश्रण ९ ला १ या प्रमाणात दाबतो, त्याला निदान ९० ऑक्टेन लागते. १०० अश्वशक्तीचा भाऊ जवळजवळ ११ ला १ दाबतो, त्याला ९५ लागते. दिसायला दोघे सारखेच. एकाचे खाणे दुसऱ्याला घातले तर मात्र बाधते.

आता तुम्ही म्हणाल, मोटारही कधीमधी ठोकते, तिचे काय बिघडते? मोटार घाटात ठोकू लागली की खडखड ऐकू येते, ड्रायव्हर गिअर बदलतो, पायाचा दाब कमी करतो. विमानात पंख्याच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ती खडखड कानी पडतच नाही. शिवाय मोटार पूर्ण ताकद क्षणभर लावते. विमान वर चढताना मिनिटांमागून मिनिटे पूर्ण ताकद लावून असते. पिस्टनला भोक पडेपर्यंत वैमानिकाला कळायचेसुद्धा नाही.

मामांचा दुसरा प्रश्न: “पेट्रोल टाकीपासून इंजिनापर्यंत येतं कुठून, आणि वाटेत तापतं कुठं?”

कळसूबाई चढलेल्यांना ठाऊक असेल, वर चहाचे पाणी लवकर उकळते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सात-दशांश एवढाच उरतो. जे पाण्याचे, तेच पेट्रोलाचे. आणि पेट्रोल तर मुळातच चटकन वाफ होणारे.

विमानाच्या पेट्रोलाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, ३८ ते ४९ किलोपास्कल एवढ्या अरुंद पट्ट्यात बांधून दिलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलाला याहून जास्त मोकळीक असते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. सकाळी गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून ही सोय. पण मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. विमान उतरले, इंजिन बंद केले, वैमानिक चहा पिऊन आला. एवढ्या वेळात तापलेल्या इंजिनाच्या झाकणाखाली नळीतले पेट्रोल उकळले आणि नळीत वाफेचा बुडबुडा धरला. पंप द्रव खेचतो, वाफ त्याला खेचता येत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. इंजिन सुरू होते, जमिनीवर चालतेही. पण पूर्ण ताकद मागितली, चाके जमिनीवरून सुटली की धापा टाकते आणि बंद पडते.

शंभर मीटर उंचीवर लहान विमानाचे इंजिन बंद पडले, तर जमिनीला टेकेपर्यंत हातात जेमतेम अर्धा मिनिट असतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बॉनेट उघडायची सोय आहे. वर कडेला उभे राहता येत नाही.

उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. पेट्रोलची नळी एग्झॉस्टपासून दूर न्यावी, तिच्यावर उष्णता अडवणारे वेष्टण घालावे. पंप शक्य तर टाकीजवळ बसवावा, कारण पंपाला ढकलणे जमते, ओढणे तितके जमत नाही. जास्तीचे पेट्रोल टाकीकडे परतवणारी एक बारीक नळी ठेवावी, म्हणजे वाफ तिथून निघून जाते. आणि मग मोजावे. १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स पूर्ण ताकदीत तासाला सुमारे २७ लिटर पेट्रोल पिते. पंपाच्या व्यवस्थेतून त्याच्या सव्वापट, म्हणजे तासाला पावणेचौतीस लिटर पेट्रोल आले पाहिजे, असा विमानकारांचा दंडक आहे. शिक्षकहो, हे गणित वर्गात घालण्यासारखे आहे: दहा मिनिटांत किती यावे? उत्तर सुमारे साडेपाच लिटर, किंचित वरच. विमानाचे नाक चढणीला असते तसे वर धरून, नळी कार्बोरेटरपाशी सोडून, भांड्यात धार धरायची आणि घड्याळ लावायचे. साडेपाच आले नाहीत तर विमान उडवायचे नाही. इथे वादाला जागा नाही.

आता मामांचा तिसरा प्रश्न, आणि आज आपल्या देशात हाच सगळ्यांत महत्त्वाचा: “या पेट्रोलात आणखी काय आहे?”

श्रोतेहो, पंपावरच्या पेट्रोलात आता निव्वळ पेट्रोल नसते. त्यात इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल मिसळलेले असते. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून, धान्यापासून होते. आपल्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी यात मोठा भाग उचलला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही पंपांवर आले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. परदेशातून येणारे तेल तेवढे वाचते, उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, आणि मी त्याविरुद्ध एक अक्षरही बोलणार नाही.

पण रोटॅक्सच्या कागदांत ९१२ साठी अल्कोहोलची मर्यादा लिहिलेली आहे: शंभरात दहा भाग. आपल्या पंपावर शंभरात वीस. भाच्याने वाचलेले वाक्य खरे होते, पण पुढचे वाक्य त्याने वाचले नव्हते. ऑक्टेनचा आकडाही इथे फसवतो. अल्कोहोल ऑक्टेन वाढवते, कमी करीत नाही. त्यामुळे पंपावर मोठा आकडा पाहून कोणी म्हणेल, वा, हे तर उत्तम पेट्रोल! आकडा उत्तम आहे, पण आत काय मिसळले आहे ते आकडा सांगत नाही.

वीस टक्के अल्कोहोलाने होते तरी काय? चार गोष्टी होतात.

पहिली, शक्तीची. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलाच्या जेमतेम दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. तेवढ्याच टाकीत पल्ला घटतो. कार्बोरेटरचे जेट जुन्या पेट्रोलासाठी लावलेले असेल, तर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन जास्त तापते.

दुसरी, पाण्याची. पेट्रोल पाण्याला जवळ करीत नाही. पाणी तळाशी बसते आणि वैमानिक रोज सकाळी टाकीच्या बुडची तोटी उघडून ते काढून टाकतो. अल्कोहोल मात्र पाण्याला पोटात घेते. मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा टाकीत ये-जा करते, पाणी मुरत जाते, आणि सकाळी तोटी उघडली तर काही दिसत नाही. सगळे स्वच्छ वाटते. पण दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणीच धरून ठेवू शकते. वीस टक्क्यांचे थोडे अधिक धरते. आणि गारठा वाढला की ही शक्ती कमी होते. वर गेल्यावर टाकी थंड झाली की धरलेले पाणी सुटते, आणि एकटे सुटत नाही, अल्कोहोलला बरोबर घेऊन तळाशी बसते. टाकीची नळी तळाशीच असते. म्हणजे इंजिनाला आधी पाणी-अल्कोहोल मिळते, आणि मागून मिळते ते ऑक्टेन घटलेले पेट्रोल.

तिसरी, वस्तूंची. काही जातींचे रबर अल्कोहोलने फुगते किंवा कडक होते. घरी बांधलेल्या अनेक विमानांत टाकी फायबर ग्लासची, पंखातच बसवलेली असते. काही राळा आणि सांधे बुजवण्याचे काही मसाले अल्कोहोलने मऊ पडतात. मग त्यांचे कण सुटतात आणि गाळणीत अडकतात. हे एका दिवसात घडत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने घडते. म्हणून “मी दोनदा उडवलं, काही झालं नाही,” हा दाखला इथे चालत नाही.

चौथी, वाफेची. पेट्रोलात थोडे इथेनॉल मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. म्हणजे मामांचा दुसरा प्रश्न आणखी अवघड होऊन बसतो.

तर मग अल्कोहोल हे विमानाचे वैरीच म्हणायचे काय? मुळीच नाही. आपल्यासारखाच ऊस पिकवणारा देश ब्राझील. तिथे एंब्राएर कंपनीचे इपानेमा नावाचे शेतावर औषध फवारणारे विमान आहे. २००४ साली त्याला शुद्ध इथेनॉलवर उडण्याची रीतसर मान्यता मिळाली. उसाच्या अल्कोहोलवर ते शेतांवरून उडते. फरक इतकाच की, तिथे इंजिन, नळ्या, पंप सगळेच अल्कोहोलसाठी जुळवले आणि मग तपासले. अल्कोहोल वाईट नाही. न विचारता आलेले अल्कोहोल वाईट. पाहुणा सांगून आला तर घर त्याची तयारी करते.

शिक्षकहो, पेट्रोलात अल्कोहोल आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मात्र हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका. ओळखीच्या मेस्त्रींना बरोबर घेऊन, उघड्या आवारात, विडीकाडी आणि चूल दूर ठेवून, शिक्षकांनीच करून दाखवावा. १०० मिलिलिटरचे काचेचे मोजपात्र घ्या. त्यात बरोबर १० मिलिलिटर पाणी घाला. वरून ५० मिलिलिटर पेट्रोल घाला. बूच घट्ट लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, आणि मग दहा मिनिटे स्थिर ठेवा. पाणी खाली बसेल. निव्वळ पेट्रोल असेल तर पाण्याची रेघ १० वरच राहील. अल्कोहोल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरेल आणि रेघ वर चढेल. २० टक्के मिश्रणात ५० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर अल्कोहोल असते, तेव्हा रेघ २० च्या जवळपास जाईल. उरलेला द्रव गटारात ओतू नका, गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्या. मुलांना यातून एका द्रवाची दुसऱ्याशी जवळीक म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल, आणि छापील पाटीपेक्षा मोजमापावर विश्वास ठेवायची सवयही लागेल.

पुन्हा एकदा लालबागच्या गाळ्यात जाऊ. भाचा मोजपात्राकडे पाहत बसला आहे. रेघ १० वरून चढून १९ वर गेली आहे. तो हळूच म्हणतो, “मामा, मग आता?”

“आता काय? तुझ्या इंजिनाला दहाच्या आतलं चालतं. असं पेट्रोल खात्रीनं मिळालं आणि दर डब्याला हीच परीक्षा केलीस, तर वापर. नाही मिळालं, तर विमानाचं पेट्रोल पिंपानं आण आणि पुस्तकात लिहिलंय तसं तेल लवकर बदल.”

“महाग पडेल मामा.”

“पडेल. मग महिन्यात चारदा उडायच्या ऐवजी तीनदा उड.”

एवढ्या एका वाक्यात या विषयाचा सगळा हिशोब येतो, असे मला वाटते. पेट्रोलात वाचवलेला पैसा कोणत्या खात्यातून वाचतो, ते पाहिले पाहिजे. उड्डाणे कमी करून वाचला तर तो आपला. खात्री कमी करून वाचला तर तो उसना, आणि त्याचे व्याज फार जबर असते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे विमान बांधणे आणि उडवणे हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याने होते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. गच्चीवर विमान बांधायला हिंमत लागते. कागदोपत्री ते तपासून घ्यायला तिच्याहून मोठी चिकाटी लागते. ज्या विमानाच्या कागदांत जे इंधन लिहिलेले आहे, तेच त्यात घालावे. बदलायचे असेल तर आधी इंजिन करणाऱ्याचे ताजे पत्रक वाचावे, जाणत्या माणसाला आणि महासंचालनालयाला विचारावे, आणि मगच डब्याचे झाकण उघडावे.

कोणी म्हणेल, आमच्या गावात विमान नाही, आम्ही हे ऐकून काय करावे? गावात विमान नसले तरी पाण्याचा पंप आहे, फवारणीचे यंत्र आहे, झाड कापायची यांत्रिक करवत आहे, जुनी मोटारसायकल आहे. त्यांच्याही नळ्या रबराच्या आणि कार्बोरेटर जुन्या पेट्रोलाचे. पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसेच ठेवले आणि दिवाळीला यंत्र सुरूच झाले नाही, असा अनुभव आला असेल, तर त्याच्या कारणांत हेही असू शकते. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. नळी हाताने दाबून पाहा. फुगली असेल, चिरली असेल, तर अल्कोहोल सोसणारी नवी नळी घाला. जमिनीवरचे यंत्र बंद पडले तर दिवस वाया जातो. म्हणून तिथे चूक शिकवून जाते. आकाशात चूक शिकवायला थांबत नाही.

तेव्हा मामांचे तीन प्रश्न ध्यानात ठेवा. इंजिन किती दाबते? पेट्रोल वाटेत कुठे तापते? आणि त्यात आणखी काय मिसळले आहे? तिन्ही उत्तरे मोजून आली, तर पंपावरच्या पेट्रोलावरही विमान सुखाने उडेल. त्यातले एक जरी उत्तर “तसंच काहीतरी” असे आले, तर त्या दिवशी विमान झाकून ठेवावे आणि घरी जाऊन जेवावे. उद्याचा दिवस असतोच.